डुकराचं हृदय बबूनला: रिजेक्शनच्या आधीच अडतं ते कुठे?

बबून माकडाला डुकराचं हृदय बसवलं: जनुकं बदललेलं डुक्कर, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, टाकेही व्यवस्थित. तरी बबून दोन दिवसांत का दगावतो, असं तुम्ही विचारलंत. रिजेक्शन, म्हणजे शरीराने परकं हृदय नाकारणं, हे त्याचं अर्धंच उत्तर आहे. म्युनिकच्या ब्रुनो रायशार्ट यांच्या गटाचा २०१८चा 'नेचर' या विज्ञानपत्रिकेतला लेख जरूर वाचा. आपली सुरुवातीची अपयशंही त्यांनी त्यात मांडली आहेत, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

आधी त्यांनी हृदय नेहमीसारखं थंड द्रावणात ठेवून नेलं. माणसाच्या हृदयाला काही तास हे चालतं, डुकराच्या हृदयाला सोसत नाही. बसवल्यावर ते नीट पंपच करेना. मग स्वीडनच्या स्टीग स्टेन यांची पद्धत घेतली: ८ अंश सेल्सिअसला, तांबड्या पेशी असलेलं प्राणवायूयुक्त द्रावण यंत्राने हृदयातून खेळवत ठेवायचं, टाके घालतानाही अधूनमधून. सुरुवातीचे मृत्यू थांबले.

पण बबून महिनाभरात पुन्हा खालावले. हृदय वाढत होतं! भिंती जाड झाल्या, आत रक्त भरायला जागा उरेना, रक्त मागे तुंबून यकृत निकामी झालं. डुकराचा वरचा रक्तदाब साधारण ८०, बबूनचा १२०. शिवाय कोवळ्या डुकराच्या हृदयाला डुकराएवढंच मोठं व्हायचं असतं. म्हणून रक्तदाब उतरवला, स्टेरॉइड लवकर कमी केलं आणि वाढ रोखणारं टेमसिरोलिमस दिलं. हे सगळे उपाय केलेल्या पाचांपैकी दोन बबून १८२ आणि १९५ दिवस जगले. टेमसिरोलिमस बंद केल्यावर हृदय पुन्हा वाढू लागलं. माझ्या मते या अख्ख्या कामातला सगळ्यात बोलका पुरावा हाच.

डुकराचं हृदय बबूनमध्ये ९४५ दिवस टिकल्याचा आकडा तुम्ही दिलात, तो संशोधक मोहिउद्दीन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगाचा. तिथे डुकराचं हृदय पोटात जोडलं होतं. रक्ताभिसरण बबूनचं स्वतःचंच हृदय सांभाळत होतं. प्रतिकारशक्तीबद्दल त्यातून खूप कळतं, पण ते हृदय जीव तोलून धरतं का, हे कळत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आणि हे नुसतं बबूनपुरतं नाही. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेत मेरीलँडला डेव्हिड बेनेट या रुग्णाला बसवलेल्या हृदयाच्या डुकरात दहा जनुकीय बदल होते. त्यांतला एक वाढीच्या संप्रेरकाचा ग्राहक (पेशीवरचा रिसेप्टर, ज्यातून संप्रेरकाचा संदेश पोचतो) बंद करणारा होता, म्हणजे हृदय वाढू नये यासाठीच.