वारशात मिळालेला जुना शिकारीचा सुरा कसा साफ करावा आणि जपावा?

तुम्ही लिहिलंय की आजोबांचा शिकारीचा सुरा कळव्याच्या घरात माळ्यावर सापडला. पातं काळपट, मधे तांबूस गंज, मूठ शिंगाची, म्यान चामड्याचं आणि कडक झालेलं. आता तो 'नव्यासारखा चकचकीत' करायचाय. चकचकीत तेवढा करू नका. बाकी सगळं घरच्या घरी होईल.

आधी तो म्यानातून काढताना जपा. जुन्या म्यानाची शिवण कुजलेली असते आणि पातं आतून चामडं चिरत बाहेर येतं. म्हणून म्यान मुठीत आवळून धरायचं नाही. कडेची शिवण असते तिकडे बोटं नकोतच. अडकला असेल तर म्यानाच्या तोंडाशी तेलाचे दोन थेंब सोडा, थोडा वेळ जाऊ द्या आणि सरळ ओढा. पिळू नका.

आता पातं. तुमचा सुरा बहुधा साध्या कार्बन पोलादाचा आहे. स्टेनलेस स्टील इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली केलं आणि शिकारीचे सुरे त्यानंतरही बरीच वर्षं जुन्याच पोलादाचे बनत होते. मुठीजवळ पात्यावर काही कोरलंय का, ते भिंगातून बघा. शेफिल्ड किंवा जर्मनीतलं सोलिंगेन असं सुऱ्यांसाठी प्रसिद्ध गावाचं नाव किंवा मुकुटाचा छाप निघाला तर तो भाग अजिबात घासू नका. वस्तूची ओळख तेवढीच असते, आणि ती एकदा गेली की गेली.

काळा-राखाडी थर आणि तांबडा गंज या दोन वेगळ्या गोष्टी. काळा थर वर्षानुवर्षं हाताळून बसलेला असतो, पोलादाला घट्ट धरून असतो आणि थोडंफार राखतोही. तांबडा गंज भुसभुशीत, तो हवेतली ओल धरून ठेवतो आणि खाली खड्डे पाडत जातो. काढायचा तो एवढाच.

पात्यावर शिलाई मशीनचं तेल सढळ हाताने लावून रात्रभर ठेवा. सकाळी फडक्याने पुसलं की निम्मा गंज फडक्यावर येतो. उरलेल्या ठिपक्यांसाठी तांब्याच्या जुन्या नाण्याची कड घ्या, घरात कुठेतरी भोकाचा पैसा असतोच. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज खरवडला जातो, पात्यावर ओरखडा येत नाही. तरीही राहिलं तर 0000 नंबरची, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल (पोलादी तारांचा लोकरीसारखा पुंजका) तेलात भिजवून हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा. ती मिळते का, ते ठाण्यात जांभळी नाक्याच्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. भांडी घासायची तारेची घासणी, पॉलिश पेपर, ड्रिलला लावायचा ब्रश, यातलं काही नको. खड्डे दिसतील, ते राहू द्या.

लिंबू, चिंच, व्हिनेगर पात्याला लावू नका. पितांबरी आपल्या ठाण्याची, पण तीसुद्धा पितळेसाठी. मुठीजवळच्या पितळी पट्टीवर हिरवा कळंक चढला असेल तर आधी काडीने खरवडा, मग वाटलं तर ओल्या कापसावर थोडीशी घेऊन फक्त पट्टी पुसा आणि लगेच कोरडी करा.

मूठ पाण्यात बुडवायची नाही, गरम पाण्यात तर नाहीच. जुन्या मुठी पुष्कळदा लाखेत किंवा राळेत बसवलेल्या असतात. ऊब लागली की ती मऊ पडते आणि मूठ हलायला लागते. ओलसर फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग मेणाचं बोट फिरवा.

आपल्याकडे खरी लढाई पुढे आहे, ती ठेवण्याची. मी खाडीच्या बाजूला राहतो. माझ्या मामांचा असाच एक सुरा माझ्याकडे आहे, त्यामुळे पावसाळ्यात काय होतं ते बघितलंय: नुसतं बोट लागलं तरी घामातल्या मिठाने त्या बोटाच्या ठशाचाच गंज उमटतो. म्हणून हाताळल्यावर पुसायचं, तेलाचा पातळ हात द्यायचा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल नको, खवट होतं किंवा चिकट थर धरतं. सुरा म्यानात ठेवू नका; चामडं ओल शोषतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पात्याला खातात. म्यान वेगळं, सुरा वेगळा, तेल लावलेल्या सुती फडक्यात गुंडाळून, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. जून ते सप्टेंबर मधूनमधून उघडून बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कायद्याचं सांगतो. शिंग सांबराचं असेल तर ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. विकणं, ऑनलाइन टाकणं डोक्यातून काढा. संरक्षित प्राण्याची वस्तू वारशाने आली तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करण्याची तरतूद या कायद्यात आहे. तुमच्या मुठीला ती लागू होते का, हे वन विभागाच्या ठाणे शहरातल्या कार्यालयात विचारून घ्या. पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असेल तर शस्त्र नियमांचाही प्रश्न येतो, तो पोलीस ठाण्यात विचारा. विचारायला जाताना सुरा घेऊन जाऊ नका, फोटो न्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असताना शस्त्र बाळगून फिरणं महागात पडतं, आणि ते आदेश कधी लागतात याकडे आपलं लक्ष नसतं.

धारेबद्दल: रस्त्यावरच्या धारवाल्याकडे देऊ नका. चाकावर ठिणग्या उडतात तेवढ्यात धारेची पातळ कड तापून निळी पडते आणि पात्याचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो. सुऱ्याने काही कापायचं नसेल तर धार लावूच नका. लावायचीच असेल तर धार लावायच्या दगडावर, पाणी टाकत, हाताने.