स्वस्तातले लेगोसारखे ब्लॉक्स घ्यावेत का? क्वालिटी कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय की मुलगी आठ वर्षांची आहे, ओरिजिनल लेगो बजेटच्या बाहेर जातं, मग स्वस्तातले तसेच दिसणारे सेट घेतले तर चालतील का आणि चांगला-वाईट ओळखायचा कसा. माझं उत्तर आहे, घ्या, पण पहिलाच सेट मोठा घेऊ नका.

हे एवढं ठामपणे सांगतोय कारण मी नेमकं तेच केलं होतं. हजारेक पीसचा पूल घेतला, फोटोत एकदम झकास, आणि अर्ध्यावर आल्यावर एक बाजू दाबली की दुसरी उचकटायला लागली. मुलगा दोन्ही अंगठ्यांनी दाबून दाबून बोटं लाल करून बसला होता आणि मला म्हणाला, "बाबा, मला जमतच नाहीये." त्याला सगळं जमत होतं हो, प्लास्टिकच खराब होतं! पण लहान मुलाला ते कळत नाही, त्याला वाटतं आपलंच चुकतंय. म्हणून क्वालिटी बघायची, बाकी रंगबिंग, बॉक्सची छपाई वगैरे नंतर.

एक गैरसमज आधी काढतो. लेगोसारखी वीट बनवणं म्हणजेच चोरी, असं नाही. आतून नळ्या असलेल्या त्या विटेच्या पेटंटचा अर्ज १९५८ चा, ते पेटंट कधीच संपलंय, आणि २०१० मध्ये युरोपच्या कोर्टानेही सांगितलं की विटेचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखून ठेवता येणार नाही. त्यामुळे स्वतःची डिझाइन्स काढून जुळणाऱ्या विटा विकणाऱ्या कंपन्या आहेत, पोलंडची कोबी त्यातलीच, त्यात काही गैर नाही. दुसऱ्याचा आख्खा सेट, बॉक्सच्या चित्रासकट उचलून विकणं ही मात्र सरळ चोरी. लेपिन नावाने तेच चालायचं, २०१९ मध्ये चीनच्या पोलिसांनी तिथे धाड टाकली. तसले सेट मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका असंच सांगेन.

आता तपासायचं कसं. पाकीट फोडलं की बांधायला बसायच्या आधी तीन पातळ प्लेट एकावर एक लावा आणि शेजारी एक नेहमीची जाड वीट ठेवा. प्लेट ३.२ मिलिमीटरची, वीट ९.६ ची, म्हणजे दोन्हींची उंची सारखी यायला पाहिजे, वरून नख फिरवा, नख अडकलं तर माप चुकलंय. एका विटेत ०.०५ मिलिमीटरची चूक डोळ्याला दिसतसुद्धा नाही पण तशा वीस विटा रचल्या की पुरता एक मिलिमीटर होतो, आणि मग छप्पर बसत नाही, भिंत वाकते, दार घासतं. आमच्या पुलाचं हेच झालं होतं.

मग पकड बघा. आठ-दहा विटा जोडा, उलट्या धरून हलवा, पडायला नको, आणि सोडवताना दात लावावे लागायला नकोत. सैल जितकं वाईट तितकंच अति घट्टही वाईट, लोक याकडे लक्ष देत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळे पीस सारखेच घट्ट पाहिजेत, एक सैल एक घट्ट असा सेट म्हणजे साचे झिजलेले किंवा नीट नसलेले. गियर आणि पिना असलेले सेट तर स्वस्तात शक्यतो टाळाच, पिन भोकात अडकली की पक्कडच लागते.

कडांवरून बोट फिरवा, प्लास्टिकची पातळ झालर टोचत असेल तर ते खराब काम. एकच निळा दोन छटांत आला तर खेळायला काही फरक पडत नाही. पण पाकीट उघडल्यावर केमिकलचा उग्र वास आला आणि दोन दिवस हवेशीर ठेवूनही गेला नाही तर सरळ परत करा. चांगल्या विटा एबीएस प्लास्टिकच्या असतात (लेगो १९६३ पासून तेच वापरतं), पण ओळखायला पीस जाळून बघू नका, तो धूर चांगला नसतो.

तुमच्या मुलीसाठी दोनशे-तीनशे पीसचं घर किंवा गाडी बघा, तेवढ्यात कंपनी कशी आहे ते कळतं. घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर ओरिजिनल असो की स्वस्तातले, हे छोटे पीस त्याच्या हाती लागू देऊ नका. आणि नवे पीस जुन्या चांगल्या डब्यात लगेच ओतू नका, एकदा मिसळले की एकेक दाबून निवडत बसावं लागतं, आमचे दोन रविवार त्यातच गेले.