मराठीसाठी किती कळा पुरतात?

प्रश्न : मी अनुवादक आहे. रोज सहा-सात तास इनस्क्रिप्ट या कळांच्या रचनेवर मराठी टाइप करते. दोन भागांत विभागलेला, ओपन सोर्स मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः जोडायचं ठरवलं आहे. कोर्ने, सोफल आणि स्वीप या तिघांत घोडं अडलं आहे. जाणकार म्हणतात, जितक्या कमी कळा तितका हाताला आराम. खरंच तसं आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तो सल्ला इंग्रजी लिहिणाऱ्यांनी इंग्रजी लिहिणाऱ्यांना दिलेला आहे. इंग्रजीत २६ अक्षरं, त्यामुळे ३४ कळांमध्ये त्यांचा संसार नीट होतो. आपला होत नाही. कीबोर्ड निवडण्याआधी आपली अक्षरं कुठे बसतात ते मोजायचं. मी स्वतः हे न मोजता पहिला कीबोर्ड जोडला आणि दोन महिने ‘ट’ शोधत बसले, म्हणून इतक्या कळकळीनं सांगते आहे.

इनस्क्रिप्टची रचना १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात आली. ती बेतलेली आहे नेहमीच्या मोठ्या कीबोर्डावर. डाव्या हाताला बहुतेक स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. उजव्या हाताची वरची ओळ पाहा: ब, ह, ग, द, ज आणि त्यापुढे चौकटी कंसाच्या कळेवर ड. मधली ओळ: प, र, क, त, च आणि अवतरणचिन्हाच्या कळेवर ट. म्हणजे उजव्या करंगळीकडे एक जादा स्तंभ लागतोच. इंग्रजीत त्या स्तंभात विरामचिन्हं असतात, ती कुठेही ढकलली तरी चालतं. मराठीत तिथे ट, ठ, ड, ढ राहतात.

आता तिन्ही कीबोर्ड या नजरेनं बघा.

स्वीप हा डेव्हिड फिलिप बार यांनी फेरिस या कीबोर्डावरून केलेला. एका हाताला १७ कळा, एकूण ३४. प्रत्येक कळ कंट्रोलरच्या (कीबोर्ड चालवणाऱ्या छोट्या सर्किटच्या) स्वतंत्र पिनला जोडलेली, म्हणून एकही डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा सुटा भाग) लागत नाही. जोडायला तिघांत सगळ्यात सोपा, आणि दिसतोही फार देखणा. पण एका हाताला पाचच स्तंभ, त्यामुळे ट आणि ड दोन्ही बाहेर. यावर उपाय म्हणून ‘कॉम्बो’ सुचवतात: दोन कळा एकदम दाबल्या की तिसरं अक्षर. मी त आणि च मिळून ट ठेवला होता. मग ‘म्हणतच’, ‘बोलतच’, ‘येतच’ असं भराभर लिहिताना मधूनच ट उमटायला लागला. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंट्रोलरमध्ये भरायच्या प्रोग्राममध्ये, कॉम्बोची मूळ मुदत ५० मिलिसेकंद असते आणि सरावलेली बोटं शेजारच्या दोन कळा तेवढ्यात सहज दाबून जातात. नंतर मी वरखालच्या कळांची जोडी घेतली, द आणि त. त्या दोन्ही एकाच बोटाच्या असल्यामुळे ‘दत्त’ लिहितानाही गोंधळ होत नाही. जमतं, पण रोजच्या सहा-सात तासांसाठी मी हे कुणाला सुचवणार नाही.

कोर्ने हा जपानमधल्या फूस्तान या टोपणनावाच्या निर्मात्याचा. एमआयटी परवाना आहे, म्हणजे कुणीही वापरा, बदला; कीकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरच्या फायली उघड्या आहेत. कळा ४२: एका हाताला सहा स्तंभ, तीन ओळी आणि अंगठ्याला तीन कळा. बॅकस्पेस अंगठ्याखाली आणला की उजव्या वरच्या कोपऱ्यात ड बसतो, त्याखाली ट, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात मी ॉ ठेवते. डॉक्टर, ऑफिस, कॉलेज असे शब्द दर परिच्छेदात येतात, ती कळ वाया जात नाही. अंकांची ओळ मात्र नाही. ॅ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि २ वर आहे, तेव्हा ‘बॅग’ लिहायला आधी लेयर (त्याच कळांचा दुसरा थर) बदला, मग शिफ्ट, मग २. हा द्राविडी प्राणायाम टाळता येतो: ‘शिफ्टसह २’ ही एकच कळ म्हणून फर्मवेअरमध्ये नेमता येते. ृ आणि ञ यांनाही त्याच लेयरवर जागा द्या.

सोफल योसेफ आदामचिक यांचा. ५८ कळा, अंकांची ओळ, अंगठ्याला पाच-पाच कळा आणि फिरवायची दोन बटणं. ॅ नेहमीच्या जागी मिळतो. ॉ आणि ृ ला इथेही जागा शोधावी लागते, पण जागा आहे.

तुम्ही सोफल घ्या. हाताला दोन-तीन महिन्यांत वळण लागलं आणि वरची ओळ रिकामी राहू लागली, तर पुढचा कोर्ने जोडा. मी आज कोर्नेवर लिहिते, पण तिथवर सोफलच्या वाटेनं आले.

एक गोष्ट तिन्हींना लागू. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागतो. आपल्याला शब्दाच्या पोटात लागतो. ‘आणि’ लिहायला तीन अक्षरकळा, त्यातल्या दोन शिफ्टसह. ‘शाळा’, ‘भाषा’ यांत चारातल्या दोन. तेव्हा मधल्या ओळीतलीच कळ दाबून धरली की शिफ्ट, ही प्रसिद्ध युक्ती मराठीत घात करते. कळ धरली की नुसती दाबली, हे ठरवायला फर्मवेअर मुळात २०० मिलिसेकंद घेतं आणि तेवढ्यात आपलं पुढचं अक्षर गेलेलं असतं. शिफ्ट अंगठ्याला द्या, आणि तोही ‘वन-शॉट’ करा: एकदा टिचकी मारून सोडला की फक्त पुढच्या अक्षराला लागतो. माझ्या करंगळीचा ताण या एका बदलानं जितका हलका झाला तितका स्तंभांच्या रचनेनंही नाही.

मागवण्याआधी आराखडा खऱ्या मापात कागदावर छापा, टेबलावर चिकटवा आणि हात ठेवून बघा. एमएक्स या नेहमीच्या मेकॅनिकल स्विचच्या जातीत कळांमधलं अंतर १९.०५ मिलिमीटर असतं, छापल्यावर पट्टीनं मोजा. अंगठा ताणावा लागत असेल तर तो कीबोर्ड तुमचा नव्हे.

प्रश्न : मी मराठी फोनेटिक पद्धतीनं, रोमन अक्षरांतून लिहितो. मलाही ५८ कळा लागतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तुमचं मराठी इंग्रजी अक्षरांतूनच जातं, तेव्हा स्वीपसुद्धा पुरेल. पहिल्यांदाच सोल्डरिंग करणार असाल तर डायोड नसणं हा मोठाच फायदा.

प्रश्न : कोर्ने जोडला. डावा भाग चालतो, उजवा मेलेला. पीसीबी (सर्किटची मूळ पाटी) जळला असेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : इतक्यात आशा सोडू नका. जुन्या कोर्नेत दोन्ही हातांना एकच पीसीबी वापरतात, फक्त उलटा करून. त्यामुळे दोन डावेच भाग जोडले जाणं ही नेहमीची चूक आहे. दोन्ही भाग समोरासमोर ठेवा, आरशातल्यासारखे दिसतात का बघा. मग डायोडच्या पट्टीची दिशा तपासा. मग दोन्ही कंट्रोलरमध्ये फर्मवेअर भरलंय का ते पाहा. दुसऱ्यात भरायचं बरेच जण विसरतात.

हे सगळं ठीक असेल तर मला एक सांगा: यूएसबी चालू असताना दोन भागांना जोडणारी टीआरआरएस केबल (हेडफोनसारख्या टोकाची) काढली-घातली होती का? ती ओढताना तिच्या टोकावरची कडी वीज आणि ग्राउंड दोन्हींना क्षणभर एकत्र टेकते आणि कंट्रोलर जातो. आधी यूएसबी काढायची, मग ती केबल, हा क्रम कधीच मोडायचा नाही. माझा प्रो मायक्रो नावाचा एक कंट्रोलर असाच गेला. तो थेट पीसीबीवर सोल्डर केलेला होता आणि २४ पिना एकेक करून सोडवताना तांब्याचे दोन पॅड उखडले. तेव्हापासून कंट्रोलर काढता-घालता येईल अशा सॉकेटवरच बसवते. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पिनांच्या सॉकेट पट्ट्या सुट्ट्या मिळतात. तुमचा कंट्रोलर थेट सोल्डर केलेला असेल तर ओढाताण करू नका. त्याचा प्लास्टिकचा पिन-पट्टा आधी कटरनं कापा आणि मग एकेक पिन गरम करून चिमट्यानं काढा. कंट्रोलर वाचणार नाही, पीसीबी वाचेल.