इंजिन चाललं कमी, थांबलं जास्त

(मागच्या अंकात जुन्या छोट्या विमानांवर लिहिलं तर खान्देशातून इतकी पत्रं आली की सगळी इथे बसत नाहीत. पाच घेतलीयेत. उत्तरं देणारा मी एएमई, म्हणजे विमानाचं काम करून त्याच्यावर सही करणारा माणूस, आणि माझी बरीच वर्षं सेस्नाच्या पोटाखाली उताणं पडूनच गेलीयेत.)

प्रश्न : दादा, आम्ही दोघं भाऊ, केळीचा धंदा आहे, दोघांकडे पीपीएल (खाजगी पायलटचं लायसन्स) आहे. 1975 चं सेस्ना 172 बघून आलो. मालक म्हणतो इंजिनचं ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) 2006 ला झालं आणि तेव्हापासून फक्त 310 तास चाललंय, म्हणजे नवंच समजा. आमच्या आईने एकच विचारलं, "इमान कितलं जुनं शे?" घ्यावं का? (चोपडा)

भाऊ, आईंनी बरोबर विचारलं फक्त त्यांना विमानाचं वय सांगू नका, इंजिन किती दिवस नुसतं उभं होतं ते सांगा. 2006 पासून 310 तास म्हणजे वर्षाला जेमतेम सोळा तास, महिन्याला दीड तास सुद्धा नाही. तुम्ही ट्रॅक्टर घ्यायला गेलात आणि मीटरवर तास कमी दिसले तर आनंद होतो, इथे मला उलटी भीती वाटते. लायकमिंग कंपनी या इंजिनला ओव्हरहॉलची मुदत 2000 तास किंवा 12 वर्षं देते, यातलं जे आधी होईल ते. तासाच्या हिशोबाने तुमचं इंजिन पोरगं आहे, वर्षांच्या हिशोबाने मुदत कधीच संपलीय.

आता हे का ते सांगतो कारण मुद्दा सगळा इथेच आहे. त्या विमानात ओ-320 इंजिन आहे, त्यात कॅमशाफ्ट, म्हणजे टॅपेट ढकलून व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकच्या वर बसतो. इंजिन बंद झालं की तेल निथळून खाली सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, जातं आणि कॅम वरती कोरडा राहतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, मग त्या लोखंडावर बारीक गंज धरतो, आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू केलं की तो गंज पॉलिश पेपरसारखा कॅम आणि टॅपेट घासत बसतो. वर कळत काहीच नाही. कॉम्प्रेशन 80 पैकी 74-76 मस्त येईल, कारण कॉम्प्रेशन रिंगा आणि व्हॉल्व्हचं कळवतं, कॅमचं नाही. बोरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) प्लगच्या भोकातून घातला तरी कॅम दिसत नाही. तो बघायचा तर एक सिलेंडर उतरवावा लागतो, आणि मालक नाही म्हणाला तर तिथून परत निघा, चहा पण घेऊ नका. कारण कॅम गेला असेल तर इंजिनचं बाहेरचं कवचच उघडावं लागतं, म्हणजे पूर्ण ओव्हरहॉलच आलं, आणि तो खर्च तुमच्या अंगावर.

मी एकदा अशाच "कमी चाललेल्या" इंजिनचं फिल्टर कापलं होतं. डबा गोल कापायचा, आतला घडीचा कागद उलगडून पांढऱ्या ट्रेवर पसरायचा आणि उन्हात धरायचा. त्या दिवशी कागदाच्या प्रत्येक घडीत चमकी होती, साडीच्या जरीसारखी, आणि लोहचुंबक फिरवलं तर सगळी चमकी चुंबकाला आली. म्हणजे ते लोखंड, सिलेंडरच्या आतलं नाहीतर कॅम-टॅपेटचं. ॲल्युमिनियम असतं तर चिकटलं नसतं. मालकाला फोन करायला मला अर्धा तास लागला, शब्दच सापडेनात.

तर इंजिन नवं समजू नका, ओव्हरहॉलला आलेलं समजून भाव करा. लॉगबुकं तिन्ही मागा, एअरफ्रेमचं, इंजिनचं, प्रोपेलरचं, पहिल्या पानापासून. मधली चार-पाच वर्षं कोरी असतील तर तेव्हा विमान कुठे उभं होतं ते विचारा. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्यावर, सुरकुत्या आहेत का ते खालून टॉर्च मारून बघा, नाकावर जोरात उतरलेल्या विमानाची खूण तिथे सापडते. आणि सीट रेल, सीट ज्याच्यावर पुढेमागे सरकते ती पट्टी. या सेस्नांमध्ये रेलची भोकं झिजली की पिन सुटते आणि टेकऑफला नाक वर गेलं की सीट पायलटसकट मागे सरकते, हात स्टिअरिंगवरून सुटतो. यात माणसं गेलीयेत, म्हणून त्याच्यावर सक्तीची तपासणी आहे, दर 100 तासांनी किंवा 12 महिन्यांनी, जे आधी होईल ते. लॉगमध्ये त्या नोंदी नसतील तर बाकीच्या नोंदींवर पण विश्वास ठेवू नका.

कागदाचं पण बघून ठेवा. डीजीसीएचं (विमानांवर देखरेख करणारं सरकारी खातं) रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, दर वर्षीचा रिव्ह्यू, रेडिओचं वेगळं लायसन्स, इन्शुरन्स. यातलं एक जरी लटकलेलं असेल तर ते सुटल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : माझं विमान दोन महिन्यांपासून हँगरमध्ये आहे, मला कामामुळे उडवायला जमत नाही म्हणून दर रविवारी पंधरा मिनिटं इंजिन सुरू करून ठेवतो. बरोबर ना? (धुळे)

नाही साहेब, हे थांबवा. वरच्या भावांना सांगितलं तोच गंज तुम्ही दर रविवारी स्वतःच्या हाताने घडवताय. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, त्यातली काही तेलात जाते, आणि ती उडून जायला तेल 75-80 डिग्रीच्या वर जाऊन तिथे तासभर राहावं लागतं. जमिनीवर पंधरा मिनिटांत तेवढं होत नाही, शिवाय उभ्या विमानात सिलेंडरला वारा नीट मिळत नाही म्हणून मागचे सिलेंडर मात्र तापतात. उडवा, तासभर उडवा. नाहीच जमत तर आठ-दहा महिने उभं राहील असं धरून इंजिन प्रिझर्व्ह करा, त्याचं तेल वेगळं मिळतं, प्लगच्या जागी हवेतली ओल शोषणारे डिहायड्रेटर प्लग लावतात आणि एक्झॉस्ट झाकतात. ते लावलं की प्रोपेलर हाताने फिरवायचा नाही, कोणी पाहुणे आले तरी नाही, फिरवला की कॅमवरचा तेलाचा थर पुसला जातो. आणि तेल बदलताना नुसते तास बघू नका, फिल्टर असेल तर 50 तास नाहीतर 4 महिने, जे आधी होईल ते.

प्रश्न : ॲव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) आणायला फार कटकट होते. माझ्या मित्राचं म्हणणं जुनं इंजिन कमी ऑक्टेनचं असतं, अमेरिकेत लोक गाडीचं पेट्रोल घालतात. आपल्या पंपावरचं चालेल का? (भुसावळ)

मित्राचं अर्धं खरं आहे आणि ते अर्धंच धोक्याचं आहे. तिकडे काही जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांना गाडीचं पेट्रोल घालायची परवानगी काढता येते, पण अट अशी की त्यात इथेनॉल नको. आपल्या पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आणि मका पिकवणाऱ्याला ते चांगलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण जुन्या विमानाची रबरी सीलं, ओ-रिंगा, कार्ब्युरेटरचा फ्लोट हे इथेनॉलसाठी केलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि वर थंड हवेत गेलं की ते पाणी इथेनॉलला घेऊन वेगळं होऊन खाली बसतं, टाकीच्या तळाला, आणि इंजिन प्यायला तिथूनच घेतं. शिवाय जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हीच जगताय, त्या उन्हात गाडीचं पेट्रोल लाइनमध्येच उकळून वाफ अडकते. तर नाही, एक लिटर सुद्धा नाही.

ॲव्हगॅस 100 एलएल, हे निळ्या रंगाचं असतं, आधी सगळं बाहेरून यायचं, 2022 पासून इंडियन ऑइल बडोद्याला बनवतं, आपल्याला ते काही लांब नाही. बॅरल आणलं तर उभं ठेवू नका, वर पावसाचं पाणी साचतं आणि रात्री बॅरल थंड झालं की बुचातून आत ओढलं जातं. आडवं ठेवा, दोन्ही बुचं एका पातळीत येतील असं, म्हणजे ती आतून पेट्रोलने ओली राहतात. भरताना बॅरल, पंप आणि विमान वायरने जोडा, ठिणगी नको.

पाण्यावरून एक सांगतो कारण हे मला आयुष्यभर विसरता आलं नाही. पहिल्या जोरदार पावसानंतरची सकाळ, विमान रात्रभर बाहेर उभं होतं. एका शिकाऊ पायलटने पंखाखालून टाकीतल्या पेट्रोलचं सॅम्पल काढलं, बाटली वर धरली, म्हणाला "क्लिअर आहे सर". खरंच क्लिअर होतं, एक थेंब वेगळा दिसेना. मी सहज हातात घेतली आणि वास घेतला तर वासच नाही. अख्खी बाटली पाणी होतं. निळं वर आणि पाणी खाली अशी रेघ दिसायला त्यात निळं काही नव्हतंच. पंखातल्या टाकीच्या सपाट बुचाची रबरी रिंग चिरली होती, पाणी रात्रभर खोलग्यात साचून आत गेलं. त्या टाकीतून आम्ही किती बाटल्या काढल्या ते मोजलंच नाही, निळा रंग येईपर्यंत काढत राहिलो. तेव्हापासून माझा नियम : बाटली पांढऱ्या कागदासमोर धरायची, निळा रंग डोळ्याला दिसला पाहिजे, आणि वास घ्यायचा. सपाट बुचं असतील तर छत्रीसारखी उंच बुचं बसवून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा शिरपूरकडे फ्लाइंग शिकतो. त्याने फोटो पाठवला, ते सेस्ना 152 माझ्या लग्नाच्या आधीचं आहे. मला रात्री झोप येत नाही. इतक्या जुन्या विमानात मुलांना का बसवतात? (शहादा)

ताई, तुमची काळजी मी समजू शकतो, माझी पुतणी पण उडवते. पण एक ऐका, सेस्ना 152 बनवणंच 1985 ला बंद झालं, म्हणजे जगात जेवढी 152 उडतायत ती सगळी इतकीच जुनी. जे.आर.डी. टाटांनी 1932 ची कराची-मुंबई फेरी 1982 मध्ये परत केली, वय 78, आणि विमान लेपर्ड मॉथ, तेही तिशीच्या दशकातलंच. विमानात इंजिन, प्रोपेलर, टायर, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र), नळ्या हे सगळं ठरलेल्या तासांना किंवा वर्षांना उघडतात आणि बदलतात, सांगाडा तपासत राहतात. रोज उडणारं ट्रेनिंगचं विमान मला त्या चोपड्याच्या भावांच्या विमानापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं, कारण त्याचं तेल रोज गरम होतं आणि रोज कोणीतरी ते बघतं.

भीती मला दुसरी आहे, पोरं बोलत नाहीत त्याची. मुलाला फोनवर एवढं सांगा की ग्राउंड रनला मॅग्नेटो तपासताना आरपीएम नेहमीपेक्षा जास्त पडला, ब्रेक मऊ लागला, काही वास आला, तर परत येऊन स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहायचा. फ्लाइट जाईल, इन्स्ट्रक्टर वैतागेल, बॅचमधले हसतील, तरी लिहायचा. लिहिलेला स्नॅग एएमईला बघावाच लागतो, तोंडी सांगितलेला विसरला जातो. आणि मे महिन्यात सकाळीच उडायचं. 44 डिग्रीला आपल्याकडची जमीन हजार फुटाच्या आत असली तरी विमानाला ती साडेचार हजार फुटासारखी लागते, धावपट्टी जास्त खातं आणि चढता चढत नाही. तुमच्या मुलाला हे शिकवलंच असेल, तरी विचारा, त्याला बरं वाटेल आईला माहितीये म्हणून.

प्रश्न : हँगरच्या बाजूला कपाशीचं वावर आहे, उंदीर फार. पंखात घरटं केलंय असं वाटतं. काय करू? (अमळनेर)

आजच उघडा. उंदराचं मूत ॲल्युमिनियम खातं, पांढरी पावडर दिसली की तिथे पत्रा जायला लागलाय. पंखाखालचे आणि शेपटीचे सगळे तपासणीचे पॅनल काढा, घरटं चिमट्याने ओढून काढा, जागा धुवून सुकवा, आणि एएमईला बोलवून वायरी आणि कंट्रोल केबल बोट फिरवून बघायला सांगा, उंदीर वायरचं आवरण कुरतडतो. कॉकपिटमध्ये शेंगदाणे, बिस्किटं काही ठेवू नका.

आणि पिटोट ट्यूबला, म्हणजे हवेतला वेग मोजणाऱ्या नळीला, कव्हर घाला, साध्या लाल कापडाची पिशवी चालते, लांब शेपटी लावा म्हणजे काढायला विसरणार नाही. कुंभारमाशी दोन दिवसांत आत मातीचं घर करते, मग टेकऑफला धावताना एअरस्पीडचा काटा हलत नाही. काटा नाही हलला तर तिथेच थांबायचं, धावपट्टी उरलेली असताना. सेस्ना असेल तर डाव्या पंखाच्या स्ट्रटमागे (पंखाला आधार देणारा तिरपा दांडा) टाकीच्या हवेची एक बारीक नळी असते ती पण बघा, ती बुजली तर टाकी भरलेली असून इंजिन उपाशी मरतं. त्यात काडी घालून खोदू नका, माती आत ढकलली जाते, खालून हळू काढा आणि नळीत हवा जाते का ते तपासूनच विमान बाहेर काढा.