पोरांना गुरंढोरं दाखवायला पहिल्यांदाच नेताय ना?

मग एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, प्राण्यांना हात लावून झाला की साबणाने वाहत्या पाण्याखाली निदान 20 सेकंद हात धुवायचेच, नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका, शेणामातीने माखलेल्या हातावर तो नीट काम करत नाही आणि ई. कोलायसारखे जंतू पोटात गेले तर 5 वर्षांखालच्या पोरांना जास्त त्रास होतो. डबा त्यानंतरच, गोठ्यापासून लांब बसून.

शेळीला चारा भरवताना तळहात सपाट, अंगठा बोटांना चिकटवलेला, नाहीतर चाऱ्यासोबत बोटही चावलं जातं. गाय वासरासोबत असेल तर लांबूनच बघा. शाळेची ट्रिप असेल तर दमा, ॲलर्जीचं टीचरना आधीच सांगा. आणि घाबरणाऱ्या पोराला पुढे ढकलू नका हो, कुंपणाबाहेरून बघितलं तरी खूप झालं.