सतरंजीवर पर्यवेक्षक नको

अक्का,
आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो. घरात चार माणसं, चार मोबाईल. जेवतानासुद्धा कोणी कोणाकडं बघत नाही. म्हणून गेल्या रविवारी सगळ्यांना व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात नेलं, झाडाखाली सतरंजी टाकली, पुस्तकं वाटली. ह्यांचं उद्यमबागेत वर्कशॉप आहे. दहा मिनिटांत फोन आला, ते उठले ते परत बसलेच नाहीत. धाकटी मुंग्या मोजत बसली. मोठा आठवीत, इंग्रजी माध्यमात. त्यानं मराठी पुस्तक पालथं घातलं नि तोंड फिरवलं. वर ओळखीच्या एक बाई जाताजाता म्हणाल्या, "काय वैनी, घरात जागा नाही होय वाचायला?" परत जाऊ की नको?
– एक आई

जा की! पण आधी सांग, त्या दिवशी तू स्वतः किती पानं वाचलीस? पत्रात सगळ्यांचं आलंय, तुझ्या पुस्तकाचं नावसुद्धा नाही. परीक्षेच्या हॉलमधल्या बाईंसारखी तू पहारा देत होतीस गं. अशा बाईंसमोर कोण मन लावून वाचेल?

त्या बाईंचं सोडून दे. आपल्याकडं गावोगावी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला माणसं मांडवात रांगेनं बसून वाचतात, तिथं कोणी घरातली जागा विचारत नाही.

खरी गोष्ट तुझ्या मुलाची आहे. तो मोबाईलसाठी रुसलेला नाही, असं मला वाटतं. शाळेत इंग्रजी, रस्त्यावरच्या पाट्या कन्नडमध्ये, मराठी फक्त तोंडात. आठवीतल्या पोराला जोडाक्षरावर अडखळायला लागतं, तेही धाकट्या बहिणीसमोर, चार लोक फिरतात तिथं. मीसुद्धा पुस्तक पालथं घातलं असतं. त्याला इंग्रजी आणू दे, कन्नड आणू दे, क्रिकेटवरचं काहीही आणू दे. मराठी तू वाच, मोठ्यानं, आणि गोष्ट रंगात आली की पाणी प्यायला थांब. "पुढं काय झालं?" असं त्यानं विचारलं तर पुस्तक त्याच्या हातात देऊ नकोस हं, लगेच मास्तरीण होशील. तूच पुढं वाच. एखाद्या दिवशी तुझ्या खांद्यावरून तो पुढची ओळ बघेल, तेव्हा बघितलंच नाही असं दाखव.

पुस्तकं तू निवडू नकोस. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, तिथं दोघांना मोकळं सोड. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरकडं साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरही नेऊन आण.

धाकटीला मुंग्या मोजू दे. दिवसाउजेडी बाहेर राहिलं की मुलांना चष्मा लागायचा धोका कमी होतो म्हणतात, पण ते काम उजेडाचं, पुस्तकाचं नव्हे. दोन पानं वाचून पळाली तर हाक मारू नकोस.

ह्यांचा फोन काढून घ्यायला जाऊ नकोस. वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाचा जीव त्यात अडकलेला असतो. रिंग चालू ठेवून फोन तुझ्या पिशवीत, आणि त्यांच्या हातात रविवारची पुरवणी, एवढं जमलं तरी पुष्कळ.

तास कशाला, अर्धा तास बस. आता पाऊस सरलाय, तेव्हा हे दिवस घालवू नकोस. जूनपासून तर घरातल्या सोप्यातच बसायचंय. सतरंजी जाड ने, जमीन अजून ओल धरून आहे. चिरमुऱ्यांचा डबा विसरू नकोस. आणि तू कुठलं पुस्तक नेलंस, ते पुढच्या पत्रात कळव.
– अक्का