मुलाला इन्क्युबेशन सेंटरला जाऊ द्यावं का?

ताई, तुमचा मुलगा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इन्क्युबेशन सेंटरला, म्हणजे नवा धंदा उभा करायला मदत करणाऱ्या केंद्राला, जायचं म्हणतोय आणि तुम्हाला धास्ती की कॅम्पसची नोकरी हातची जाईल, धंद्याचं खूळ मात्र डोक्यात राहील. इथल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत माझं जिग-फिक्श्चरचं (मशीनवर काम पक्कं धरून ठेवणाऱ्या साधनांचं) वर्कशॉप आहे आणि अशा मुलांना मी मेंटर म्हणून भेटतो. माझं मत स्पष्ट आहे: जाऊ द्या.

टेबल-खुर्ची, थ्रीडी प्रिंटर, थोडं अनुदान हे तिथे मिळतंच. गुजरातमध्ये २०१७पासून आलेल्या विद्यार्थी स्टार्टअप धोरणामुळे प्रोटोटाइप (वस्तूचा पहिला नमुना) आणि पेटंटच्या खर्चालाही हातभार लागतो. पण मुलगा बदलतो तो गिऱ्हाइकाच्या दारात.

माझ्याकडे दोघं आले होते. लेथमधलं कूलंट (कापताना धातू थंड ठेवणारं द्रव) कमी झालं की फोनवर कळवणारा सेन्सर त्यांनी बनवला होता. म्हटलं, आधी बारा वर्कशॉप फिरून या. बहुतेक मालक म्हणाले, ‘कूलंट आम्हाला डोळ्यांनी दिसतं रे! रात्री कॉम्प्रेसरची हवा कुठे गळते ते सांग, लाइटबिल फुगतंय.’ पोरं आठवडाभर रुसली. मग सेन्सर बाजूला ठेवून हवेची गळती शोधणाऱ्या यंत्राच्या मागे लागली. त्यानंतर किमतीवर आमची खरी झटापट झाली. यंत्राचे सुटे भाग ३,२०० रुपयांचे, म्हणून किंमत ४,००० लावलेली! स्वतःची मजुरी, फेऱ्यांचं पेट्रोल, बिघडलेला पीस बदलून द्यायचा खर्च, उधारी, यातलं काहीच धरलेलं नव्हतं. तो हिशेब त्यांनी माझ्यासमोर बसून तीनदा फाडला. आज एक नोकरीत आहे, दुसरा तेच यंत्र विकतो. नोकरीवालाही कंपनीत पहिला प्रश्न ‘हे कोणाला हवंय?’ हाच विचारतो, याचं मला फार समाधान वाटतं.

आणि खूळ बसेलच असं नाही. नेदरलँड्समध्ये कॉलेजच्या मुलांना कंपनी चालवायला लावणाऱ्या एका अभ्यासक्रमाची पाहणी झाली होती, २०१०मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात मुलांची उद्योजक होण्याची इच्छा उलट कमी झालेली दिसली. मला यात तोटा दिसत नाही. घरचे दागिने गहाण पडण्याआधी, विसाव्या वर्षीच ‘हे माझं काम नव्हे’ असं कळलेलं बरं.

तुमचा मुलगा शिकतो त्या फॅकल्टीचं मूळ सयाजीरावांच्या १८९०च्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत आहे. हातानं करून शिकायचं हे बडोद्याला नवीन नाही.

फक्त सेंटर पारखून घ्या. मी एका ठिकाणी वर्षभर जायचो, तिथे पिचिंग स्पर्धा (धंद्याची कल्पना परीक्षकांपुढे मांडायच्या), प्रमाणपत्रं आणि पाहुण्यांबरोबर फोटो एवढंच चालायचं. बाजारात माल विकलेला मेंटर आठवड्यातून किती वेळा येतो, हे मुलाला आधी विचारू दे. सातव्या सेमिस्टरला प्लेसमेंटचे इंटरव्ह्यूही त्यानं द्यावेत, दोन्ही जमतं.

शनिवारी दुपारी मी वर्कशॉपवर असतो, पाठवा त्याला. येताना त्याची वस्तू जे विकत घेतील असं त्याला वाटतं, अशा तिघांशी बोलून यायला सांगा.